तीन तास सोळा मिनिटं

१९ मार्च, गुरुवार. गुढीपाडवा

गुढी उभारली. कडुलिंबाची चटणी तोंडात होती तेवढ्यात शोभानं विचारलं, "आज पाडवा. आखाजी एकोणीस एप्रिलले. मोनालीले आणायले कोण जाईन?"

सणाच्या दिवशी सकाळी साडेसातला असे प्रश्न विचारायची मुभा बायकांना कुठल्या कलमाखाली मिळते ते मला ठाऊक नाही. मी चटणी कडू असल्याचं निमित्त करून पाणी प्यायला गेलो. परत आलो तर प्रश्न पाटावरच बसलेला.

ही वही नवी आहे, तिला आमच्या घरची भानगड माहीत नाही. एकदाच लिहून ठेवतो. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरची लेक माहेरी येते, पण आपली आपण येत नाही. माहेरचं माणूस तिला आणायला जावं लागतं. त्या माणसाला मुराळी म्हणतात. मुराळी गेला नाही तर लेक येत नाही, मग सांजोऱ्या कितीही तळा. मोनाली आमची एकुलती एक. अरुणाचलात तेजू नावाच्या गावी विमानतळावर नोकरीला आहे. टॉवरमध्ये बसून वैमानिकांशी बोलते. दोन वर्षांपूर्वी तिनं तिकडेच, बरोबरच्या एका गृहस्थाशी कचेरीत जाऊन लग्न केलं. आधी फोन करून विचारलं होतं. मी म्हटलं, "तुझी तू ठरवलंस, तुझी तू राहा. इथून मुराळी यायचा नाही." ती म्हणाली, "ठीक आहे बाबा. मग तुम्ही स्वतः न्यायला आल्याशिवाय मीही यायची नाही."

त्यानंतर दोन आखाज्या गेल्या. असला हट्ट तिनं कुणाकडून उचलला, देव जाणे. आईकडूनच असणार.

लोकांना मी यातलं काही सांगत नाही. मी अंतर सांगतो. चौतीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसानं "फार लांब आहे हो" म्हटलं की समोरचा मुकाट मान डोलावतो.

२१ मार्च, शनिवार

आज माझ्या हातून एक मूर्खपणा झाला. तो होताना मी अत्यंत रुबाबात होतो.

निंबोल्याहून पुतण्या भूपेंद्र केळीचा घड घेऊन आला. हल्ली तो दर दोन दिवसांनी येतो; त्याच्या बागेत कापणी चालू आहे आणि तो आमच्या ओट्यावर. खिशातून मोबाइल काढून म्हणाला, "काका, ही साइट पहा ना. कोणत्याही दोन एअरपोर्टचं अंतर सांगते. एकदम सटीक. टाकू का जळगाव?" बऱ्हाणपूरकरांसाठी विमानतळ म्हणजे जळगावच, म्हणून मी म्हटलं टाक. दुसरीकडे त्यानं तेजू टाकलं. मला तर हवंच होतं. शोभा स्वयंपाकघरात होती. तिला ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात मी वाचलं, "अंतर, दोन हजार दोनशे दहा किलोमीटर."

इथे थांबायला हवं होतं. पण तक्ता समोर आला की शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची चौतीस वर्षांची सवय. मी पुढे वाचलं, "उड्डाणाचा वेळ, तीन तास सोळा मिनिटं."

आत लाटणं थांबलं.

"किती तास?"

भूपेंद्रनं तत्परतेनं सांगितलं, "तीन तास सोळा मिनिट, काकू."

शोभा हातात लाटणं घेऊन दारात आली. "इंदूरले जायले पाच तास लागतात, आपला रस्ता असा. मंजे मोनाली इंदूरच्या अलीकडेच राह्यते की. अन् दोन वर्षं तुम्ही मले सांगून राह्यले, लांब आहे, लांब आहे."

भूपेंद्र केळीच्या घडाकडे तोंड करून हसत होता. मी ॲटलास काढला, दोरा काढला, जळगावपासून तेजूपर्यंत ताणला आणि मोजपट्टीवर धरला. बावीसशेच्या आसपास आलं. साइट बरोबर होती. माझी अडचण तीच होती.

२२ मार्च, रविवार

माझ्या मित्राला, नंदकुमारला, घेऊन स्टेशनजवळच्या तिकीटवाल्याकडे गेलो. नंदकुमार पोस्टातून रिटायर झालेला, त्यामुळे कुठलीही गोष्ट कुठेही वेळेवर पोचते यावर त्याचा विश्वास नाही. तिकीटवाल्याला विचारलं, जळगाव ते तेजू, सकाळचं विमान किती वाजता?

तो आधी आमच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सर, असं विमानच नाही. ना सकाळी, ना शाम को."

"पण साइटवर तर तीन तास सोळा मिनिटं आहेत."

"वो तो हिशोब है सर. एखादं विमान सीधं उडालं, तर इतका वेळ लागेल. उडतं असं कोण म्हणतं?"

बाहेर आल्यावर नंदकुमार म्हणाला, "म्हणजे ज्याचं लग्न ठरलं नाही त्याची सासुरवाडी किती कोस लांब, ते सांगतात."

घरी येऊन खात्री केली. त्या साइटनं जळगावपासून दक्षिण ध्रुवाजवळच्या एका बर्फातल्या धावपट्टीपर्यंतचाही वेळ दिला, मिनिटांसकट. तिथे लेक दिली असती तर शोभानं तेही मला ऐकवलं असतं.

आता मुद्दा असा. शोभाला खरं सांगितलं तर माझं अंतर मला परत मिळतं. पण त्यासाठी मी काल चुकीची ओळ मोठ्यानं वाचली हे कबूल करावं लागतं. फळ्यावर चूक झाली तर मास्तरानं वर्ग सुटायच्या आत पुसावी. वर्ग सुटला. मी काही बोललो नाही. नंदकुमारलाही बोलू नको म्हटलं. तो म्हणाला, "मी पोस्टातला माणूस, माझ्याकडून काही बाहेर जायला वेळच लागतो."

आणखी एक नमूद करतो. तिकीटवाल्यानं जाता जाता विचारलं होतं, "तिकडचं कोणी ओळखीचं असेल तर त्यांनाच विचारा ना, एअरपोर्टवर काम करणारं वगैरे?" मी म्हटलं, तसं कोणी नाही.

२७ मार्च, शुक्रवार

आमच्या राजपुरा मोहल्ल्यात आता सगळ्यांना माझ्या प्रवासाचा वेळ पाठ आहे. दूधवाला, इस्त्रीवाला, आणि आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मालूबाई. आज भांडी घासता घासता म्हणाल्या, "सरजी, तीनच घंट्याचं काम आहे मंतात. मी डोईफोडियाले माहेरी जाते, तर मोटरची वाट पाहण्यातच तीन घंटे जातात. तरी जाते ना मी."

मी म्हटलं, "मालूबाई, त्या कढईला अजून काळं आहे."

त्या म्हणाल्या, "ते काळं जुनं आहे. ते घासून निघत नाही."

२ एप्रिल, गुरुवार

भूपेंद्रला माझं आधार कार्ड हवंय. म्हणे गॅसच्या केवायसीसाठी. फोटो काढून घेतला, पुढून आणि मागून. मग म्हणाला, "काका, एक पासपोर्ट साइझ फोटो पण. पांढऱ्या बॅकग्राउंडचा." गॅसच्या टाकीला माझा चेहरा कशाला लागतो हे मी विचारलं. तो म्हणाला, "आजकल सगळ्यालाच लागतो काका, टेन्शन नका घेऊ."

फोटो स्टुडिओत जाऊन बसलो. फोटोत मी अगदी फरार आरोपीसारखा आलोय. सरकारला आवडेल.

५ एप्रिल, रविवार

आज पारा एक्केचाळीस. शोभानं माझा स्वेटर काढून उन्हात टाकला. मी विचारलं, कशाला? म्हणाली, कसर लागते. कसर लागायला स्वेटरजवळ जाईल कोण या उन्हात, ती कसरसुद्धा तापीवर गेली असेल. पण बायकोच्या कपाटाशी वाद घालू नये, हे मी पहिल्या वर्षीच शिकलो.

दुपारी तिनं मला चपला सोडून बूट घालून ओट्यावर दहा फेऱ्या मारायला लावल्या. डॉक्टरनं टाचेसाठी सांगितलंय म्हणे. कुठल्या डॉक्टरनं, कधी, ते सांगितलं नाही. बायका पन्नाशीनंतर विसराळू होतात.

९ एप्रिल, गुरुवार

आखाजीला दहा दिवस राहिले. शोभा विषय काढत नाही. तीन आठवडे रोज टोचणारी बाई एकदम गप्प झाली की घरात बसवत नाही. मी दोनदा स्वतःहून म्हटलं, "तिकीट बघतोय." ती म्हणाली, "पहा सावकाश."

आज गच्चीवर कुरडया वाळत घालताना ती फोनवर बोलत होती. मी जिन्यात थांबलो. ऐकण्यासाठी नाही, दम लागला म्हणून. ती म्हणत होती, "मंगळवारी नाही, बुधवारीच असतं ना ते? अन् ढग असले तर?" मग बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "नाही गं, तसे नाहीत ते. तुझ्या लग्नाच्या दिवशी सकाळपासून दाढी करून, नवा शर्ट घालून बसले होते घरात. कायले घातला विचारलं तर मने, जुने सगळे धुवायले टाकले."

मी खाली आलो.

ती कुरडयांचं गिऱ्हाईक वगैरे असेल. शर्टाचं मात्र खरं आहे. त्या दिवशी अकरा वाजता तिकडे सह्या होणार होत्या. साडेदहाला मी फोन हातात घेतला होता. काय म्हणायचं ते ठरलं नाही. "सुखी राहा" म्हणायला काय लागतं? दोन शब्द. त्याला वेळ किती, ते कुठल्याही साइटवर विचारायला नको. अकरा वाजले, मग सव्वाअकरा. मग मी शर्ट काढून ठेवला. तो पुन्हा घातलेला नाही.

हे इथे लिहिलं कारण ही वही कोणी वाचत नाही.

११ एप्रिल, शनिवार

फसवणूक झाली आहे. ठरवून, संगनमतानं, घरच्या माणसांकडून.

जेवण झाल्यावर भूपेंद्रनं समोर कागद ठेवले. सोमवारी सकाळी इंदूरपर्यंत त्याची गाडी. इंदूरहून कोलकाता. तिथे रात्री मुक्काम. मंगळवारी दिब्रुगड. बुधवारी सकाळी लहान विमानानं तेजू. सगळ्यावर एकच नाव, माझं, विनायक. शेवटच्या कागदावर तो फरार आरोपीचा फोटो होता. अरुणाचलात जायला बाहेरच्यांना परवाना लागतो, तो. मी स्वतः पंचवीस वर्षं नववीला हे शिकवलं होतं, आणि गॅसची केवायसी म्हणून फोटो दिला.

मी म्हटलं, "हे तीन दिवस होतात. तीन तास सोळा मिनिटांचं काय झालं?"

शोभा म्हणाली, "तसं विमानच नाही मंतात. नंदकुमार भाऊजींनी पंधरा दिवसांपूर्वीच सांगितलं मले."

पोस्टाचा कारभार इतका जलद झाल्याचं मला माहीत नव्हतं.

"तुला माहीत होतं, तर मला बोलली का नाहीस?"

"तुम्ही कायले नाही बोलले?"

मी दुसरा मुद्दा काढला. मुराळी म्हणून भाऊ जातो, चुलतभाऊ जातो. बाप कधी जातो का? भूपेंद्र धट्टाकट्टा आहे, त्याला पाठवा. भूपेंद्र म्हणाला, "काका, मी गेल्या साली पण तयार होतो. पूछा था तिला. ती म्हणाली, तू आलास तर चहा पाजून परत पाठवीन. बाबा आले तरच येईन."

शोभा भांडी आवरत होती. पाठ आमच्याकडे. म्हणाली, "दोन आखाज्या मी गौराई बसवली अन् एकटीनं गाणे म्हटले. सगळ्या गल्लीच्या लेकी झोक्यावर, अन् मी दाणे निवडत बसलेली. यंदा मी काही तळणार नाही, काही बसवणार नाही. तुम्ही गेले तर जा."

ती रडत नव्हती. रडली असती तर मी काहीतरी बोललो असतो.

१३ एप्रिल, सोमवार. इंदूर

निघालो. रस्त्याचं काम चालू आहे, जसं ते माझ्या लहानपणापासून चालू आहे. पाच तास वीस मिनिटं. म्हणजे साइटच्या मते मी आत्तापर्यंत तेजूला पोचून दोन तास झोपलो असतो.

सामान: स्वेटर, बूट (पायांत), सांजोऱ्यांचा डबा (तळणार नाही म्हणाली होती), कुरडयांचा डबा, मोनालीची साडी, आणि अर्धा किलो दराबा, आमच्या बऱ्हाणपूरची मिठाई. दराबा कुणासाठी ते शोभानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मोनाली दराब्याला हात लावत नाही, लहानपणापासून.

शोभानं बॅगेत तो शर्ट घातलाय. घडी मोडलेली नाही.

विमानतळावर तपासणीत सांजोऱ्यांचा डबा उघडायला लावला. तिथली बाई म्हणाली, "ये क्या है?" मी म्हटलं, गोड पदार्थ आहे, लेकीला आणायला चाललोय. ती म्हणाली, "लेने जा रहे हैं तो ले के क्यों जा रहे हैं?" मला चौतीस वर्षांत एवढा अचूक प्रश्न एकाही विद्यार्थ्यानं विचारला नाही. तिला एक सांजोरी दिली. घेतली नाही, ड्युटीवर होती.

१४ एप्रिल, मंगळवार. दिब्रुगड

पोचलो. खिडकीतून ब्रह्मपुत्रा दिसली. मी ही नदी फळ्यावर हजार वेळा काढली असेल, निळ्या खडूनं, बोटभर रुंद. शेजारचा प्रवासी झोपला होता म्हणून वाचला, नाहीतर त्याला मी सगळ्या उपनद्या सांगितल्या असत्या.

लॉज बरं आहे. शोभाचा फोन आला. "पोचले?" म्हटलं, अजून नाही.

आज पहिल्यांदा भीती वाटली. विमानाची नाही. दार उघडल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं, त्याची. "कशी आहेस" म्हणजे जसं काही परवाच भेटलो होतो. "चूक झाली" हे मी कधी म्हटलेलं नाही, उच्चार जमेल की नाही शंका आहे. आणि तो गृहस्थ समोर असणार. त्याला काय म्हणायचं? दोन वर्षांत मी त्याचं नाव उच्चारलेलं नाही. इथेही लिहिलेलं नाही, मागची पानं पाहिली तर दिसेल.

१५ एप्रिल, बुधवार. सकाळ

मी या खात्याला पत्र लिहिणार आहे. शुद्ध, मुद्देसूद, तीन पानी.

सकाळी लहान विमान निघालं. एवढंसं, आमच्या शाळेच्या सहलीची बस याहून मोठी होती. मी तो शर्ट घातला होता. डोंगर लागले, मग ढग. अर्ध्या तासात वैमानिकानं सांगितलं की आपण तेजूवर आलो आहोत. खाली पाहिलं तर नुसतं पांढरं, कापूस पिंजून टाकल्यासारखं. विमान घिरट्या घालू लागलं. एक, दोन, तीन. मी घड्याळ लावून बसलो होतो. नऊ मिनिटं. मग वैमानिक म्हणाला, खालून उतरण्याची परवानगी नाही, आपण परत दिब्रुगडला जात आहोत.

परत. साठीचा माणूस तीन दिवस प्रवास करून लेकीच्या गावाच्या डोक्यावर येतो आणि खाली खुर्चीत बसलेला कोणीतरी बाबू सांगतो, परत जा. कोण हा बाबू? त्याच्या घरी कोणी म्हातारं माणूस नाही का? ढग काय आज पहिल्यांदा आले? आम्ही बसच्या टपावर बसून गेलोय, पुरातून बैलगाडी काढलीय. याला जरा ढग दिसला की हात वर. काम टाळायची वृत्ती, दुसरं काय. पत्रात मी त्या माणसाचं नाव मागणार आहे.

पुढचं विमान शुक्रवारी, तेही हवा असेल तर. म्हणजे संपलं. शुक्रवारी पोचून रविवारी बऱ्हाणपूर शक्य नाही. आता शोभाला काय सांगू? अंतर?

बाकड्यावर बसलोय. डबा मांडीवर आहे. शर्ट घामानं भिजलाय.

१५ एप्रिल, पुन्हा. संध्याकाळ, गाडीत

वरचा मजकूर खोडायला घेतला होता. मोनाली म्हणाली, राहू द्या.

चार वाजले होते. दुसरं विमान नाही, लॉजवर जायची इच्छा नाही, म्हणून मी विमानतळाच्या बाहेर त्याच बाकड्यावर बसलो होतो, पत्राचा दुसरा परिच्छेद लिहीत. समोर धुळीनं भरलेली गाडी येऊन थांबली. मोनाली उतरली. गळ्यात नोकरीचं ओळखपत्र तसंच, केस विस्कटलेले. वाळली आहे. आईसारखी दिसायला लागली आहे.

मी ठरवलेली वाक्यं तीन होती. त्यातलं एकही निघालं नाही. म्हटलं, "तू इकडे कशी?"

"तुम्हाला न्यायला आले."

"मला?"

"तुम्ही मला न्यायला निघालात, अन् मीच तुम्हाला वरून परत पाठवलं. मग कोणी यायचं?"

मला कळेना. तिनं सांगितलं तेव्हा कळलं. सकाळी खुर्चीत बसलेला तो बाबू म्हणजे ती.

ती बाकड्यावर माझ्याजवळ बसली. "माहीत होतं मला तुम्ही आत आहात. आईनं कळवलं होतं. खाली काहीच दिसत नव्हतं बाबा, धावपट्टीचं टोकसुद्धा नाही. वैमानिक विचारत होता, थोडं थांबू का? मी म्हटलं, थांबा. एरवी इतका वेळ कुणाला थांबवत नाही. नऊ मिनिटं तुम्ही बरोब्बर माझ्या डोक्यावर फिरत होतात. आवाज ऐकू येत होता. मला वाटलं, दोन वर्षांनी आले अन् आता मी नाही म्हणू कशी? मग वाटलं, तुम्ही आत आहात म्हणून तर नाहीच म्हणायला पाहिजे."

तिनं गळ्यातलं ओळखपत्र काढून मांडीवर ठेवलं.

मी तिचे हात धरले. चौतीस वर्षांत मी वर्गात अनेकांना शाबासकी दिली, घरात कुणाला दिल्याचं आठवत नाही. म्हटलं, "बरोबर केलंस." मग दुसरं वाक्यही निघालं, उच्चाराला वाटलं होतं तितकं अवघड नाही. म्हटलं, "माझं चुकलं." ती रडली. मीही रडलो, आणि शेजारच्या टॅक्सीवाल्यानं माझ्या मांडीवरचा डबा पडू नये म्हणून हळूच उचलून बाजूला ठेवला.

डोळे पुसून ती लगेच तिच्या मूळ स्वभावावर आली. "पण मी इथूनच तुमच्याबरोबर येणार नाही हां. मुराळी घरी येतो. दारात उभा राहतो. अर्ध्या वाटेवरून मी जायची नाही."

म्हटलं, "इथून तुझं घर किती तास?"

"पाच. पूल ओलांडून. मधे रस्त्याचं काम चालू आहे."

मला एकदम बरं वाटलं, आपल्याकडे आल्यासारखं.

गाडी चालवणारा उतरून लांब उभा होता, आमच्याकडे न बघता. उंच, सडसडीत, चष्मा. मला बघून वाकला आणि मोनालीनं शिकवलेलं एकच मराठी वाक्य अतिशय जपून म्हणाला, "बाबा, प्रवास बरा झाला?" तीन दिवस, तीन विमानं, त्यातलं एक परत गेलेलं. मी म्हटलं, "बरा झाला." मग दराब्याचा डबा त्याच्या हातात दिला.

त्याचं नाव प्रांजल.

१६ एप्रिल, गुरुवार. तेजू

सकाळी नऊ वाजता त्यांच्या घराच्या बाहेर जाऊन उभा राहिलो. काल आतच झोपलो होतो, पण रीत ती रीत. बॅग हातात घेतली, दार वाजवलं. मोनालीनं दार उघडलं, आईनं पाठवलेली साडी नेसून. मी म्हटलं, "आखाजीला चल." ती म्हणाली, "चला."

आज हवा स्वच्छ आहे. बर्फाचे डोंगर दिसतात. विमान अर्थातच आज नाही. दुपारी गाडीनं निघतोय, उद्या सकाळी दिब्रुगडहून पुढे.

प्रांजलनं अर्धा दराबा संपवलाय. काल रात्री जेवताना तो मोनालीला काही विचारत होता आणि ती नाही नाही म्हणत होती. शेवटी मी विचारलं तेव्हा सांगितलं. त्याला आखाजी बघायची आहे. पण मुराळी फक्त लेकीला न्यायला येतो, म्हणून त्यानं विचारायचं धाडस केलं नाही.

मी उठून अंगणात गेलो आणि शोभाला फोन लावला. घसा साफ केला. दोन वर्षांची गोष्ट एका दमात मोडायची होती, तर जरा थाटात मोडावी म्हटलं.

"ऐक," म्हटलं, "आखाजीची घागर भर. गौराई बसव. सांजोऱ्यांचं पीठ जास्त भिजव. मी जावयालाही घेऊन येतोय. मीच ठरवलं. भूपेंद्रला सांग, परतीची दोन तिकिटं काढली असतील, त्यात अजून एक वाढव."

तिकडे पीठ मळल्याचा आवाज येत होता. तो काही थांबला नाही.

"तिघांचीच काढलेली आहेत," शोभा म्हणाली. "पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी."

पाडव्याचा दुसरा दिवस म्हणजे वीस मार्च. ती साइट भूपेंद्रनं मला एकवीसला दाखवली होती.